धर्माचा डबा

पोलीस खात्यात आयुष्य घालवल्यावर प्रकरणं डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. घरफोड्या तर सगळ्या सारख्याच वाटायला लागतात. पण हडपसर भागातल्या एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक असताना घडलेलं एक प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्यात ना टोळी होती, ना हत्यार. एक नर्स होती, एक आजारी म्हातारी होती आणि इन्सुलिनची एक छोटी बाटली. नाव मी कुणाचंच घेणार नाही. त्यातली माणसं आजही याच शहरात आपापली कामं करत जगतायत, त्यांना जगू द्यावं.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. बंदोबस्ताची वाटणी करत असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा आवाज दबका होता.

"साहेब, नाव विचारू नका. इथल्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डची सिस्टर पेशंटची औषधं लंपास करते. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये स्टीलचा डबा आहे, तो उघडून बघा. काल एका म्हातारीला त्यातलंच काहीतरी टोचलंय. म्हातारी आता आयसीयूत आहे."

फोन बंद झाला. माझा अनुभव असा आहे, की निनावी फोन करणारा सहसा खोटं बोलत नाही. तो अर्धं बोलतो. उरलेलं अर्धं काय आहे आणि ते त्याने का गाळलं, हे शोधण्यासाठी सरकार आम्हाला पगार देतं.

डायरीला नोंद करून आम्ही निघणार, तेवढ्यात म्हातारीचा मुलगाच नातेवाइकांना घेऊन ठाण्यात आला. मांजरी गावचा माणूस, हिंजवडीला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. डोळे लाल झालेले, अंगात अजून ड्युटीचाच शर्ट. बाकीचे आरडाओरडा करत होते. हा मात्र हळू बोलत होता, आणि मला काळजी वाटली ती त्याचीच.

"साहेब, पायाची जखम भरंना, साखर वाढलेली, म्हणून आईला दाखल केली. आपल्या पायानं चालत गेली व्हती ती दवाखान्यात. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. मी गाडी लावून घेऊन येणार व्हतो, पण हिंजवडीच्या चौकात गाडी हलंना. सिस्टरला फोन करून सांगितलं, संध्याकाळी आणतो. आन दुपारी आई बेशुद्ध! मी इन्सुलिन आणलंच न्हाई, तर मग हिनं माझ्या आईला टोचलं काय?"

प्रश्न बिनतोड होता. त्याची मागणीही सरळ होती. सिस्टरवर जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करा आणि तिला आत टाका. मी त्याला पाणी दिलं, त्याचा अर्ज घेतला आणि हॉस्पिटल गाठलं.

हॉस्पिटल खासगी, मध्यम आकाराचं. तळमजल्यावर औषधांचं दुकान. डॉक्टर औषध लिहून देणार आणि नातेवाइकांनी ते खालून किंवा बाहेरून आणून सिस्टरच्या हातात द्यायचं, अशी तिथली पद्धत. आयसीयूतल्या डॉक्टरांनी सांगितलं, की बाईंची साखर एकदम खाली उतरली होती. ग्लुकोज देऊन ती वर आणली आहे, पण शुद्ध अजून आलेली नाही आणि येईलच असं आज सांगता येत नाही. इन्सुलिन प्रमाणाबाहेर गेलं की असं होतं.

व्यवस्थापक आमची वाटच बघत होते. "त्या सिस्टरला आम्ही कालच घरी बसवलंय, साहेब. आपण काय ती कारवाई करा. फक्त पेपरात हॉस्पिटलचं नाव येणार नाही, एवढं बघा." आपला माणूस इतक्या तत्परतेने पोलिसांच्या हवाली करणारी संस्था मी क्वचितच पाहिली आहे.

वॉर्डातल्या फ्रिजमध्ये डबा होता. पंचांसमक्ष उघडला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, इंजेक्शनच्या बाटल्या, त्यातल्या बऱ्याचशांवर वेगवेगळ्या रुग्णांच्या नावांच्या चिठ्ठ्या. डबा कुणाचा, असं विचारल्यावर ड्युटीवरच्या सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणालाच माहीत नव्हतं. फ्रिज त्याच रोज उघडत होत्या, पण डबा कुणी पाहिला नव्हता! पंचनामा करून डबा मुद्देमाल म्हणून जप्त केला. वरवर पाहता फोन करणाऱ्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं होतं.

तिथून आम्ही सिस्टरच्या घरी गेलो. हडपसरमधल्याच एका जुन्या सोसायटीत ती वडिलांबरोबर राहत होती. दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची मांडणी, घर लख्ख. वडील महापालिकेतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी झडतीचा आदेश चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "आपलं काम आपण करा. फक्त बूट बाहेर काढलेत तर बरं. झडती बूट न घालताही घेता येत असावी."

आम्ही बूट काढले. घरात सापडलं काय, तर वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्याही पावतीसकट. औषधं विकणाऱ्याचं घर असं नसतं. कपाट उघडताना शेजारी उभं राहणाऱ्या माणसाचं लक्ष एखाद्या कोपऱ्याकडे वारंवार जातं, तसं इथे कुणाचंच जात नव्हतं. सिस्टर एवढंच विचारत होती, "आजी कशा आहेत?"

तिला ठाण्यात बोलावलं. दिवसाउजेडी, आणि सोबत महिला उपनिरीक्षक. वय तिशीच्या आतबाहेर, हातांची नखं बारीक कापलेली, उत्तरं स्पष्ट.

"आजींना इन्सुलिन कुणी दिलं?"

"मी दिलं."

"किती?"

"दहा युनिट. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. जेवणाच्या आधी."

"नक्की?"

"साहेब, इतकी वर्षं देतेय. दहाच भरलं होतं."

"बाटली कुठून आणली?"

इथे ती थांबली. मान खाली. पुन्हा विचारलं, वळसा घालून विचारलं, दरडावूनही विचारलं. उत्तर नाही. मग मीच डब्याचा विषय काढला. तिने मान हलवली, डबा माहीत आहे एवढं मान्य केलं आणि पुन्हा गप्प. डबा कुणाचा, औषधं कुणाची, त्यांचं पुढे काय होतं, यावर एक शब्द नाही. प्रत्येक प्रश्नानंतर फक्त तेच. आजींनी डोळे उघडले का?

गुन्हा केलेला माणूस गप्प बसतो तेव्हा तो आपल्याकडे बघत असतो, आपल्याला किती कळलंय याचा अंदाज घेत. ही जमिनीकडे बघत होती. अशी माणसं बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतात. ती कुणाला घालत होती, ते मला कळेना. सूर्यास्ताच्या आत तिला वडिलांच्या स्वाधीन केलं.

मुलगा आणि त्याची मंडळी ठाण्याच्या आवारातच बसून होती. "सोडली तिला?" एवढंच तो म्हणाला. उपचारातल्या चुकीबद्दल गुन्हा दाखल करण्याआधी तटस्थ डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं, सरकारी रुग्णालयाच्या समितीला पत्र पाठवलं आहे, हे मी त्याला समजावलं. त्याला ते पटलं नाही. त्याच्या जागी मलाही पटलं नसतं. आई आत बेशुद्ध पडलेली असताना पत्रव्यवहाराने कुणाचं समाधान होतं? आणि म्हातारी गेली असती, तर त्या मुलीचं पुढचं आयुष्य संपल्यातच जमा होतं, हेही मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई मला भेटायला आल्या. त्याच हॉस्पिटलात नव्यानेच रुजू झालेल्या औषधनिर्माणशास्त्रज्ञ, म्हणजे फार्मासिस्ट. मी सरळ विचारलं, "आपण हॉस्पिटलच्या बाजूने आलात, की सिस्टरच्या?"

"औषधाच्या," त्या म्हणाल्या.

पुण्यात पोलिसाला असं उत्तर मिळतं. मी खुर्ची दिली.

त्यांचं काम मला नवीन होतं. वॉर्डात औषधं कशी वापरली जातात याचा त्या अभ्यास करत होत्या. डॉक्टरांच्या तोंडून निघालेलं औषध रुग्णाच्या अंगात जाईपर्यंत किती हातांतून जातं, कुठे उशीर होतो, कुठे बदलतं, कुठे राहून जातं, हे त्या सिस्टरांच्या मागे उभं राहून बघायच्या. कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त वाट समजून घ्यायची आणि खड्डा असेल तिथे बुजवायचा. उद्देश एवढाच की उपचार अधिक चांगले व्हावेत. सिस्टरांना सुरुवातीला हे मुळीच आवडलं नव्हतं. या बाई वयाने लहान असूनही सिस्टरांनी त्यांचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं.

"डब्याबद्दल काय माहीत आहे?" मी विचारलं.

"सगळं. त्याला वॉर्डात धर्माचा डबा म्हणतात. पेशंट बरा होऊन घरी जातो तेव्हा उरलेली औषधं लोक सिस्टरकडे देतात. कुणी गेलं, तर मग हमखास देतात. गेलेल्या माणसाची औषधं घरी न्यायला कुणाचं मन होत नाही. सिस्टर त्यातली न फोडलेली जपून ठेवतात आणि ज्याचं औषध वेळेवर आलं नाही त्याला देतात. पैसे कुणी घेत नाही. मला हे कळलं तेव्हा मी लगेच वर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डबा कचऱ्यात गेला असता आणि त्या पेशंटचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला असता. आधी त्याची नीट सोय लावावी, मग सांगावं, असं ठरवलं होतं. पण ती सोय लागण्याआधीच हे झालं."

चोरीचा विषय तिथे संपला. पण म्हातारीला झालं काय, ते उरलंच होतं. दहा युनिटने माणूस असा बेशुद्ध पडायला नको होता, असं त्याही म्हणत होत्या.

संशयिताकडून काही कळेनासं झालं की मी एक करायचो. तोंडाने सांगायचं बंद, हाताने दाखव. माणूस बोलताना सवयीच्या गोष्टी गाळतो, हात गाळत नाहीत. त्याच दुपारी सिस्टरला घेऊन आम्ही वॉर्डात गेलो. म्हटलं, त्या दिवशी जसं केलंत, तसंच्या तसं करून दाखवा. फक्त टोचू नका.

तिने हात धुतले. फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढली, औषधाचं नाव वाचलं, सील पाहिलं, मुदत पाहिली. ट्रेमधली लाल टोपीची बारीक सिरिंज घेतली, बाटलीचं तोंड पुसलं आणि दहाच्या रेघेपर्यंत औषध भरलं. कुठे घाई नाही, कुठे गोंधळ नाही. औषधनिर्माणशास्त्रज्ञ बाई मान हलवत म्हणाल्या, "काहीच चुकलं नाही."

मला खरं तर वाईट वाटलं. काहीतरी चुकलेलं सापडावं, असं मनापासून वाटत होतं. सहज विचारायचं म्हणून विचारलं, "त्या दिवशीची बाटलीसुद्धा अशीच होती?"

"हो. म्हणजे लेबल जरा निराळं होतं, परदेशी. पण औषधाचं नाव हेच, सील होतं, मुदतही होती. देऊन झाल्यावर ती मी परत डब्यातच ठेवली."

"परदेशी?" बाईंचा चेहराच बदलला. "साहेब, जप्त केलेल्या डब्यातली ती बाटली बघता येईल?"

ठाण्यात येऊन मुद्देमाल कक्ष उघडला. पारदर्शक पिशवीतली बाटली त्यांनी उजेडाकडे धरली आणि मला लेबलवरचा एक आकडा दाखवला. शंभर.

मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. आपल्याकडे वॉर्डात येणारी इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा चाळीसच्या ताकदीची असते आणि लाल टोपीच्या सिरिंजवरच्या रेघा तिच्यासाठीच आखलेल्या असतात. परदेशात बाटली शंभरच्या ताकदीची, तिची सिरिंज निराळी, केशरी टोपीची. शंभरची बाटली आणि लाल टोपी एकत्र आली, की रेघ दहाचीच दिसते, पण आत अडीचपट औषध जातं. "चमचाभर साधं तिखट आणि चमचाभर लवंगी मिरचीचं तिखट. चमचा तोच, पण आमटी तोंडात घालवेल का?"

चिठ्ठीवरच्या नावावरून ती बाटली ज्यांची होती त्यांचा पत्ता लागला. गृहस्थ त्या वॉर्डात वारले होते. मुलगा हिंजवडीत आयटी कंपनीत. मी स्वतः फोन केला.

"हो सर, इन्सुलिन मीच आणलं होतं, यूएसहून येताना, बाबांसाठी. ते गेल्यावर आई म्हणाली, हे घरी नको न्यायला. सिस्टरना म्हटलं, कुणा गरजूला द्या. का सर, काही इश्यू झालाय का?"

"नाही," मी म्हणालो. "नोंदीसाठी हवं होतं." जबाब घ्यायला माणूस पाठवला, त्यालाही बजावलं, की बाटली कुठली एवढंच विचार. वडील गमावलेल्या मुलाने चांगल्या मनाने दिलेली वस्तू होती ती. तिचं पुढे काय झालं, हे त्याला सांगून मला काय मिळणार होतं?

निनावी फोन करणाराही तोवर सापडला. तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानातला नोकर. डब्यामुळे विक्री मारली जाते, म्हणून त्याचा राग. "साहेब, मी खोटं काय बोललो?" तो म्हणाला. खोटं तो खरंच बोलला नव्हता. त्याला समज देऊन सोडलं.

सगळ्यात अवघड काम होतं ते सिस्टरला हे सांगायचं. मला वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं वाटेल. चोर नाही, निष्काळजी नाही, मुद्दाम काही केलेलं नाही, सगळं निघालं होतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे झालं माझ्याच हातून."

आजवर तिला खात्री होती, की आपण दहाच दिलं. त्या खात्रीवर ती आमच्यासमोर ताठ बसली होती. ती खात्री मी काढून घेतली. पकडले गेल्यावर रडणारी माणसं मी खूप पाहिली, सुटका झाल्यावर इतकं रडणारी ही पहिलीच. महिला उपनिरीक्षक तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण माझ्याच्याने ते बघवेना.

शांत झाल्यावर ती बोलली. "डबा माझा एकटीचा नाही, साहेब. माझ्या आधीच्या सिस्टरांनी सुरू केलेला. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्या अडकल्या असत्या. आणि डबा बंद झाला असता. आजींचा मुलगा म्हणाला, संध्याकाळी येतो. तोपर्यंत साखर चढली असती, पाय अजून चिघळला असता. म्हणून दिलं."

मुलाला बोलावून मी हेच सांगितलं. तो हातातली गाडीची किल्ली फिरवत बसला. "म्हंजी मी येळंवर आणलं असतं तर..." मी त्याला तिथेच थांबवलं. हिंजवडीच्या चौकात अडकणं हा अजून तरी गुन्हा नाही, म्हटलं. तो हसला नाही. "मला वाटलं, कुणी माझ्या आईवर उठलंय. आन ती तर आईची सुई चुकू नये म्हणून..." तो किल्ली खिशात घालून उठला.

सुदैवाने म्हातारीने डोळे उघडले. आधी बोलणं अडखळत होतं, मग हळूहळू माणसं ओळखायला लागली. समितीचं मतही आलं. घोर निष्काळजीपणा आढळत नाही. बदल झाला तो कामाच्या पद्धतीत. औषधनिर्माणशास्त्रज्ञ बाईंनी व्यवस्थापनाच्या मागे लागून डबा आपल्या ताब्यात घेतला. सीलबंद असेल तेवढंच ठेवायचं, शंभरची बाटली वॉर्डात यायचीच नाही, आणि इन्सुलिन भरताना एका सिस्टरने बाटलीचा आकडा आणि टोपीचा रंग मोठ्याने म्हणायचा, दुसरीने डोळ्यांनी बघायचा. डबा चालू राहिला. सिस्टरलाही कामावर परत घेतलं, पण ती सुई हातात घ्यायला तयार होईना. नोंदी करीन, चादरी बदलीन, टोचायला सांगू नका, असं तिचं म्हणणं.

प्रकरण बंद करण्याआधी म्हातारीचा जबाब बाकी होता. मी वॉर्डात गेलो. मुलगा शेजारी बसून मोसंबी सोलत होता.

"आजी, तुमची कुणाविरुद्ध काही तक्रार आहे का?"

"हाय की!" म्हातारी उशीवरून उठायला बघायला लागली. मुलाचा हात थांबला.

"कुणाविरुद्ध?"

"ती सिस्टर. लांबनंच जाती. माझ्याकडं फिरकंना. मी काय तिला खाती व्हय? बोलवा तिला. दुपारची सुई तिच्याच हातनं घेणार मी, न्हाईतर जेवणार न्हाई."

हे जबाबात कसं लिहायचं, ते मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मुलगाच उठला आणि सिस्टरला घेऊन आला. ती दारातच थबकली होती. त्याने तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण तो हात जोडून उभा होता.

तिने सिरिंज घेतली. दुसऱ्या सिस्टरने मोठ्याने म्हटलं, "बाटली चाळीस, टोपी लाल." तिने पुन्हा बघितलं. परत एकदा बघितलं.

"अगं, टोच की आता," म्हातारी दंड पुढे करून म्हणाली. "जेवण निवतंय."

तिने सुई दिली. म्हातारीने दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं आणि जेवणाचं ताट समोर येईपर्यंत सोडलं नाही.

आम्हाला नोकरीत पहिल्या दिवसापासून शिकवतात, हेतू शोधा, हेतू सापडला की माणूस सापडतो. या प्रकरणात जिथे जिथे हेतू शोधला, तिथे चांगुलपणाच निघाला. बाटली देणाऱ्याचा, जपणारीचा, टोचणारीचा. आणि तरी एक बाई मरता मरता वाचली. अशा ठिकाणी आमचा कायदा फार पुरा पडत नाही. त्याहून माणसांच्या मागे शांतपणे उभं राहून, न रागावता, ती काम कसं करतात हे बघणारं कुणीतरी लागतं. हे मला त्या सासूबाईंनी शिकवलं.

चौकशीचा अहवाल मी स्वतः लिहिला. शेवटी अटक केलेल्या इसमांची संख्या लिहावी लागते. तिथे मी 'निरंक' लिहिलं आणि सही केली. ती सही करताना मला जे समाधान वाटलं, ते बेड्या घालून कधी वाटलं नव्हतं.